इंग्रजीतला स्वल्पविराम आणि आपला ‘जो-तो’

बर्डीवाली:
नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या एका बॅक ऑफिसमध्ये मी काम करते. नव्या पोरापोरींनी लिहिलेली इंग्रजी पत्रं आणि रिपोर्ट बाहेर जायच्या आधी माझ्या टेबलावरून जातात. स्पेलिंग आता कॉम्प्युटरच सुधारतो, काळबिळही बहुतेकांचे बरे असतात. अडतं ते स्वल्पविरामाशी. आणि गंमत म्हणजे हे चुकणं वाट्टेल तसं नसतं. पोरगी कॉन्व्हेंटची असो की काटोलकडच्या जिल्हा परिषद शाळेची, घसरणार ठरलेल्या जागीच.

नमुने देते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिते, म्हणजे सलग वाचता येतील.

‘द कस्टमर्स हू पेड लेट, वेअर चार्ज्ड अ पेनल्टी.’
‘ही सेड, दॅट द पेमेंट इज डन.’
‘द सर्व्हर वॉज डाऊन, वी कॉल्ड द व्हेंडर.’

तिन्ही स्वल्पविराम चूक. पण हीच वाक्यं मराठीत म्हणून बघा. ‘ज्या ग्राहकांनी उशिरा पैसे भरले, त्यांना दंड लागला.’ इथे स्वल्पविराम हवाच. ‘तो म्हणाला, की पैसे भरले.’ असं अनेक जण लिहितात. ‘सर्व्हर बंद पडला, आम्ही व्हेंडरला फोन केला.’ यावर मराठीचे कुठलेच सर लाल पेन उचलणार नाहीत.

म्हणजे शब्द इंग्रजी असले तरी वाक्य आतून मराठीच चाललेलं असतं आणि स्वल्पविराम त्या आतल्या वाक्याला लागतो. माझं म्हणणं असं, की मराठी माध्यमाच्या मुलांना स्वल्पविरामाचे पंधरा-वीस नियम पाठ करायला लावण्यापेक्षा हे तीन सापळे आधी दाखवावेत. इंग्लंडमधल्या मुलांसाठी लिहिलेल्या व्याकरणात ‘जो-तो’चा सापळा सापडणारच नाही, कारण त्यांच्याकडे तो नाहीच.

तुम्हाला काय वाटतं?

पोट्टा_लक्ष्मीनगरचा:
ताई, आपला तं एकच नियम हाय. दम घ्याचा तिथं कॉमा, अन् दम संपला का फुलस्टॉप. आतापर्यंत कोनी टोकलं नाही. हे जो-तो काय लावून राह्यले तुमी सकाळी सकाळी?

मास्तरीणबाई:
पोट्टा, तुझा नियम आज चालत नसला तरी त्याचं घराणं मोठं आहे हो. विरामचिन्हं जन्मालाच आली मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी. इसवी सनापूर्वी २००च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता बायझँटियमचा अॅरिस्टोफेनीस. त्याने ओळीच्या खाली, मध्यावर आणि वर ठिपके देऊन कुठे किती थांबायचं याच्या खुणा बसवल्या. आज दिसतो तो शेपटीवाला स्वल्पविराम पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून रूढ झाला. त्यानंतरही कितीतरी काळ इंग्रजीत दमावरच काम चालायचं.

त्याचा मासला अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. १७९१ची दुसरी दुरुस्ती, शस्त्रं बाळगण्याच्या हक्काची. तिचा शेवट असा: ‘द राइट ऑफ द पीपल टू कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड.’ ‘राइट’ हा कर्ता, ‘शॅल नॉट बी’ हे क्रियापद, आणि दोघांच्या मध्ये खुशाल स्वल्पविराम! बर्डीवालीच्या ‘कस्टमर्स’ वाक्यात आणि यात काडीचा फरक नाही. तेव्हाच्या वाचणाऱ्याला तिथे थांबायचं होतं, एवढंच. आज माझ्या विद्यार्थ्याने असं लिहिलं तर मी लाल करणार.

मधल्या काळात लोक मनातल्या मनात वाचायला लागले आणि स्वल्पविराम कानाकडून व्याकरणाकडे सरकला. शाळेत मात्र आपण अजून ‘थोडं थांबायचं तिथे’ हेच शिकवतो. मराठीपुरतं ते बऱ्यापैकी निभतं. इंग्रजीत पहिलं लांबलचक वाक्य आलं की गाडी रुतलीच.

वर्गात मी एक वाक्य फळ्यावर कायम ठेवायचे: कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये शून्य स्वल्पविराम चालतील, दोन चालतील, एक चालणार नाही.

‘माय ब्रदर हू लिव्ज इन वर्धा इज अ टीचर.’ शून्य. म्हणजे मला भाऊ अनेक, त्यांतला वर्ध्याचा जो आहे तो शिक्षक.
‘माय ब्रदर, हू लिव्ज इन वर्धा, इज अ टीचर.’ दोन. म्हणजे भाऊ एकच, वर्ध्याचं आपलं जाता जाता सांगितलं.

एकच स्वल्पविराम दिलात तर कंस उघडून बंद न केल्यासारखं होतं.

लिंबू_सरबत:
शून्य किंवा दोन! हे कोणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद बाई.

पण मला एक कळत नाही. हल्ली कुठल्याही अॅपमध्ये मजकूर टाकला की स्वल्पविराम आपोआप दुरुस्त होऊन येतात. मग एवढा त्रास कशाला घ्यायचा?

बर्डीवाली:
@लिंबू_सरबत, तुला भाऊ किती हे अॅपला कसं कळणार?

थट्टा नाही, रोजचं आहे हे. परवाच एक वाक्य आलं: ‘द इंजिनिअर्स हू व्हिजिटेड द बुटीबोरी साइट हॅव सबमिटेड देअर रिपोर्ट्स.’ स्वल्पविराम नाहीत, म्हणजे जे बुटीबोरीला गेले त्यांनीच रिपोर्ट दिले, बाकीच्यांचे यायचेत. दोन स्वल्पविराम घातले की सगळेच इंजिनिअर बुटीबोरीला गेले होते आणि सगळ्यांचे रिपोर्ट आले. व्याकरणाने दोन्ही शुद्ध. अॅप दोन्ही सोडून देईल. खरं काय ते लिहिणाऱ्यालाच माहीत, म्हणून मला उठून त्याच्या टेबलापर्यंत जाऊन विचारावं लागतं.

@मास्तरीणबाई, शून्य-एक-दोनचं वाक्य उद्याच ऑफिसात भिंतीवर लावते.

प्रूफवालेकाका:
मी महाल भागातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचण्यात उभी हयात घालवली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. बर्डीवाली ताईंचं निरीक्षण पटलं, निदान मात्र पुरतं पटलं नाही.

पहिली गोष्ट, विरामचिन्हं मुळात आपली नव्हतीच. मोडीतली जुनी कागदपत्रं पाहा. स्वल्पविराम तर सोडाच, दोन शब्दांत जागाही सोडलेली नसते, आणि लोकांना ते बिनबोभाट वाचता यायचं. आपल्याकडे ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. म्हणजे आपण स्वल्पविराम त्यांच्याकडूनच घेतला आणि आपल्या वाक्याच्या सांध्यांवर बसवला. आता आपली मुलं तोच त्यांना परत देताहेत आणि ते म्हणताहेत की जागा चुकली.

दुसरी गोष्ट, ‘तो म्हणाला, की’ हे मराठीतही सर्वमान्य नाही. आमच्या छापखान्यात ‘की’च्या आधीचा स्वल्पविराम मी काढून टाकायचो. एक संपादक होते, ते ‘की’च्या नंतर द्यायचे. त्यांच्याशी वाद घालण्यात शाईपेक्षा चहाच जास्त खर्ची पडला. तेव्हा ती चूक मराठीमुळे म्हणता, पण कुठल्या मराठीमुळे?

आणि तिसरी. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची चूक खुद्द इंग्रज लोक धडाधड करतात. तिला त्यांच्याकडे कॉमा स्प्लाइस असं खास नाव आहे. नाव पडलंय म्हणजे रोग जुनाच असणार ना? त्याचा ठपका मराठीवर नको.

मिहानकर:
काका, पहिल्या दोन नमुन्यांच्या बाबतीत मी बर्डीवाली ताईंच्या बाजूने. पुरावा बाहेरचा आहे.

आमचा क्लायंट जर्मनीतला. तिकडून येणाऱ्या मेलमध्ये सर्रास ‘आय थिंक, दॅट द फाइल इज करप्ट’ असतं. ‘द मॉड्यूल, दॅट यू सेंट, इज नॉट वर्किंग’ हे तर रोजचं. आधी वाटलं माणूस घाईत असेल. मग ऑफिसात जर्मन शिकलेल्या एकीने सांगितलं की त्यांच्या भाषेत ‘दॅट’सारखा शब्द येऊन पोटवाक्य सुरू झालं की आधी स्वल्पविराम सक्तीचा. ‘जो’ वाल्या पोटवाक्यालाही सक्तीचा, मग ते कामाचं असो की जाता जाता सांगितलेलं. म्हणजे तिथला माणूस आपल्या भाषेचा नियम काटेकोर पाळतो आणि इंग्रजीत चुकतो. नागपूरचा पोरगा करतो तेही हेच. आयभाषा वेगळी, खड्डा तोच.

जाता जाता माझं दुखणं. ग्राहकांच्या पत्त्यांची फाइल स्वल्पविरामाने रकाने पाडून यायची. ‘फ्लॅट ४, साई अपार्टमेंट, मनीषनगर’ असा पत्ता आला की एका माणसाचे तीन रकाने. पत्त्याभोवती अवतरणचिन्हं घातल्याशिवाय तो स्वल्पविराम पत्त्यातला की रकान्यातला हे मशीनला कळत नाही. माणसं निदान अंदाज तरी बांधतात.

बर्डीवाली:
@प्रूफवालेकाका, कॉमा स्प्लाइसचं मान्य, तो मराठीच्या खात्यातून काढला. ‘की’चंही अर्धं मान्य. ‘जो-तो’ मात्र सोडणार नाही. तिथे मराठीला ‘ज्यांनी’ आणि ‘त्यांना’ असे दोन खांब उभे करावे लागतात आणि मधल्या फटीत स्वल्पविराम आपसूक पडतो. इंग्रजीत दुसरा खांबच नाही.

प्रूफवालेकाका:
तेवढं सोडा तुमच्याकडे. :)

एमपीएससीची_वारी:
मला परीक्षेच्या दृष्टीने विचारायचंय. यादीतल्या ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही? एका क्लासमध्ये द्या म्हणतात, दुसऱ्यात दिला तर मार्क कापू म्हणतात.

सिव्हिललाइन्सचा_वकील:
याचं उत्तर माझ्याकडे घ्या, आमचं पोट यावरच चालतं.

‘अँड’च्या आधीच्या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची तशी शिस्त आहे. अमेरिकेतले पुस्तकांचे प्रकाशक बहुतेक देतात, वृत्तपत्रं बहुतेक गाळतात. ब्रिटनमध्ये न देण्याकडे कल. आणि आपल्याकडे? घरात संविधानाची प्रत असेल तर इंग्रजी उद्देशिका काढा. ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’. ‘फेथ’नंतर स्वल्पविराम नाही. ‘जस्टिस, सोशल, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल’ इथेही नाही. तेव्हा ‘न दिल्यास चूक’ म्हणणाऱ्या क्लासला दीक्षाभूमीसमोर नेऊन उभं करा.

उद्देशिका काढलीच आहे तर पहिली ओळही बघा. ‘वी, द पीपल ऑफ इंडिया, हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड’. ‘वी’नंतर एक, ‘इंडिया’नंतर एक. मास्तरीणबाईंची जोडी. अमेरिकेच्या घटनेची सुरुवात ‘वी द पीपल’ अशी, ‘वी’नंतर काही नाही. आपल्या वाक्यात कर्ता ‘वी’ पहिल्या ओळीत आणि त्याचं क्रियापद ‘डू हिअरबाय अडॉप्ट’ थेट तळाशी. मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता सगळं येऊन जातं, तरी वाक्य कुठे तुटत नाही.

आणि ‘सॉव्हरिन सोशलिस्ट सेक्युलर डेमोक्रॅटिक रिपब्लिक’. चार विशेषणं ओळीने, मध्ये एकही स्वल्पविराम नाही. व्याकरणाची पुस्तकं म्हणतात, विशेषणांची अदलाबदल करता आली किंवा मध्ये ‘अँड’ घालता आलं तर स्वल्पविराम द्या. त्या न्यायाने इथे देता आला असता. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीत ‘सोशलिस्ट सेक्युलर’ घातलं, तेव्हाही दिला नाही. माझ्या मते न दिला तेच बरं. स्वल्पविराम पडले असते तर ते चार गुणांची यादी वाटले असते. आता चारही मिळून एकच नाव वाटतं.

एमपीएससीची_वारी:
म्हणजे सर, देऊच नको?

सिव्हिललाइन्सचा_वकील:
संपूर्ण उत्तरपत्रिकेत एकच पद्धत ठेव. आणि अर्थाचा घोटाळा होत असेल तिथे पद्धत गेली खड्ड्यात, स्वल्पविराम दे.

घोटाळा केवढा होऊ शकतो ते सांगतो. अमेरिकेच्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांची यादी होती: कॅनिंग, प्रोसेसिंग वगैरे, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. गाडीवाले म्हणाले, आम्ही माल पोचवतो, पॅक करत नाही. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नाही, तेव्हा ‘शिपमेंटसाठी किंवा वितरणासाठी पॅक करणं’ हे एकच काम झालं. नुसतं वितरण यादीत नाही, सबब ओव्हरटाइम द्या. कंपनी म्हणाली, वितरण हे वेगळं काम आहे. २०१७ साली अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवलं आणि फायदा गाडीवाल्यांना दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत पुढेच आहे. त्या राज्यात कायदे लिहिणाऱ्यांच्या नियमपुस्तिकेतच हा स्वल्पविराम देऊ नका असं सांगितलेलं होतं! नंतर त्यांनी कलम दुरुस्त केलं ते अर्धविराम घालून.

आपल्याकडचंही ऐका. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा, कलम २७. त्यात विक्रीसाठी औषध बनवणारा, विकणारा अशी यादी आहे आणि पुढे ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’. एका माणसाकडे औषधं सापडली. नुसती बाळगणं गुन्हा की विक्रीसाठी बाळगणं गुन्हा? महाराष्ट्र सरकार पक्षकार असलेल्या त्या खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की आधीच्या शब्दांनंतर स्वल्पविराम आहेत, ‘स्टॉक्स’नंतर नाही. म्हणून ‘फॉर सेल’ हे ‘स्टॉक्स’लाही लागू. विक्रीचा हेतू दाखवल्याशिवाय त्या कलमाखाली गुन्हा नाही. न दिलेल्या स्वल्पविरामाने माणूस सुटला.

याच न्यायालयात १९५२ साली न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी विरामचिन्हं ही कायद्याचा अर्थ लावताना दुय्यम गोष्ट आहे असं म्हटलं होतं. संशय असेल तिथे त्यांना वजन द्यावं, पण त्यांच्या हाती लगाम नको. दोन्ही निकाल आम्ही खिशात ठेवतो. अशील कुठल्या बाजूचं आहे ते बघून काढतो.

पोट्टा_लक्ष्मीनगरचा:
वकीलसाहेब, हे शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो ना बाप्पा.

झिरोमाइल:
एवढा वेळ वाचत होतो. नागपुरात बसून यादीतल्या स्वल्पविरामाच्या गोष्टी चालल्या आहेत, मेनपर्यंत जाऊन आलात, आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरची पाटी कोणाला आठवली नाही? आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. आम्हाला अनुसूचित जमातीत धरा म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं बहुसंख्य. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असं छापलेलं आहे. मध्ये स्वल्पविराम नाही. हे एकच नाव, की गोंड आणि गोवारी अशी दोन? आमच्यासारख्यांनी स्वल्पविराम हा शब्द इंग्रजीच्या तासापेक्षा या बातम्यांत जास्त ऐकलाय.

सिव्हिललाइन्सचा_वकील:
झिरोमाइल, बरोबर आठवण दिलीत. मुद्दाम काढलं नव्हतं, कारण चार ओळींत सांगण्यासारखं ते प्रकरण नाही. भाषेपुरतंच बोलतो.

महाराष्ट्राच्या यादीतली १८वी नोंद म्हणजे एक लांबलचक इंग्रजी वाक्यच आहे. गोंड, राजगोंड, अरख अशी सुरुवात, आणि पुढे पन्नासाच्या आसपास नावं, सगळी स्वल्पविरामांनी वेगळी केलेली. त्यात ‘गट्टा, गट्टी, गैता, गोंड गोवारी, हिल मारिया, कंद्रा’ असा क्रम येतो. आता एक जण म्हणेल, एवढे स्वल्पविराम देणाऱ्याकडून एक निसटला असेल. दुसरा म्हणेल, ‘हिल मारिया’, ‘दंडामी मारिया’, ‘सोनझारी झरेका’ ही नावंही दोन शब्दांचीच आहेत, तिथे कोणी निसटला म्हणत नाही. शिवाय ‘गोंड’ नोंदीच्या अगदी सुरुवातीलाच येऊन गेलाय, तो पुन्हा मध्येच कशाला येईल? नुसत्या चिन्हाकडे बघून दोन्ही युक्तिवाद करता येतात. निकाल लागतो तो चिन्हाच्या बाहेरच्या गोष्टींवर: इतिहास, जनगणना, चालीरीती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८च्या ऑगस्टमध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी आहे तशी वाचायची, कोर्टाने तिच्यात काही घालायचं-काढायचं नाही, हे सूत्र २००० साली हलबा जमातीच्या अशाच प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सांगितलेलंच होतं. तेच पुन्हा लागू झालं.

झिरोमाइल:
निकाल माहीत आहे. माझं म्हणणं इतकंच की अमेरिकेतल्या दूधवाल्यांना स्वल्पविरामाने पैसे मिळाले ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात. इथे तसं सांगता येत नाही.

व्यवस्थापक:
दोन्ही बाजूंचे प्रतिसाद संयमाचे आहेत म्हणून ठेवले आहेत. आरक्षणाच्या बाजू-विरोधासाठी कृपया वेगळा धागा काढा. इथे भाषेवर राहू या.

लिंबू_सरबत:
मग माझा एक साधा प्रश्न. ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम असतो का? मॅनेजर काढतो, मी घालतो, आठवडाभर हेच चाललंय.

मास्तरीणबाई:
बहुतेक वेळा मॅनेजर बरोबर. ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘व्हेन’ यांचं पोटवाक्य मागे आलं तर स्वल्पविराम नको, पुढे आलं तर हवा. ‘इफ इट रेन्स, वी विल कॅन्सल.’ पण ‘वी विल कॅन्सल इफ इट रेन्स.’ पहिल्यात ‘जर-तर’मुळे मराठी हातही आपोआप तिथेच स्वल्पविराम देतो. एवढ्या ठिकाणी आपली मराठी कामाला येते. बर्डीवाली, हे तुझ्या पोरांना जरूर सांग, नाहीतर मराठी म्हणजे नुसती अडचण असं व्हायचं.

‘बिकॉज’च्या आधी वाक्यात ‘नॉट’ आला की मात्र सावध. ‘ही डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज द सॅलरी वॉज लो.’ याचे अर्थ दोन होतात. एक, पगार कमी होता म्हणून त्याने नोकरी सोडली असं नाही, सोडली ती दुसऱ्याच कारणाने. दोन, त्याने नोकरी सोडलीच नाही, आणि न सोडण्याचं कारण कमी पगार. दुसरा अर्थ इथे विचित्र आहे, पण ‘लो’च्या जागी ‘गुड’ घाल, लगेच तोच खरा वाटेल. ‘ही डिड नॉट लीव्ह द जॉब, बिकॉज द सॅलरी वॉज गुड.’ इथे स्वल्पविराम द्यायचाच. मॅनेजरला हे वाक्य दाखव. त्याहून बरं म्हणजे वाक्यच बदल: ‘द सॅलरी वॉज गुड, सो ही स्टेड.’ ज्या वाक्याचा सगळा भार एका स्वल्पविरामावर आहे ते वाक्य मोडून पुन्हा लिहावं, असं माझं पहिल्यापासूनचं मत.

सिव्हिललाइन्सचा_वकील:
बाई, हे आमच्या बारमध्ये सांगू नका. उपाशी मरू.

मिहानकर:
‘हाउएव्हर’चंही सांगा कोणीतरी. आमच्या टीममध्ये त्याचा सुळसुळाट आहे.

बर्डीवाली:
हे मी सांगते, रोज खोडते. ‘द बिल इज अप्रूव्हड, हाउएव्हर, द पेमेंट इज पेंडिंग.’ चूक. ‘हाउएव्हर’ला ‘बट’ समजतात म्हणून होतं. ‘बट’ दोन वाक्यं जोडू शकतो, ‘हाउएव्हर’ नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. ‘देअरफोर’ आणि ‘मोअरओव्हर’चंही तसंच. मी तर पोरांना सांगते, ‘बट’ लिहा आणि मोकळे व्हा. ‘हाउएव्हर’ने पत्र वजनदार होतं असा एक समज आहे, तो कुठून आला देव जाणे.

‘बट’चंही मात्र एक आहे. मागे-पुढे दोन्हीकडे पूर्ण वाक्य असेल तर आधी स्वल्पविराम. कर्ता एकच आणि क्रियापदं दोन असतील तर नको. ‘शी चेक्ड द बिल अँड साइन्ड इट.’ इथे ‘बिल’नंतर काही नाही.

एमपीएससीची_वारी:
तारखेत?

बर्डीवाली:
‘२६ नोव्हेंबर १९४९’ असा क्रम असेल तर हल्ली कोणी देत नाही. महिना आधी लिहिणाऱ्या अमेरिकन पद्धतीत तारखेनंतर द्यावा लागतो, आणि वाक्य पुढे चालू असेल तर सालानंतरही. पुन्हा जोडीच.

मिहानकर:
आकड्यांचं राहिलं की. साडेबारा लाख आपण ‘१२,५०,०००’ लिहितो, अमेरिकेतला क्लायंट ‘१,२५०,०००’. आमच्या एका कोटेशनवर तिकडून विचारणा आली होती की मधला एखादा आकडा गळलाय का. जर्मनांचं आणखी वेगळं. ते दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, ‘३,५’ म्हणजे साडेतीन.

पोट्टा_लक्ष्मीनगरचा:
मंग लिहाचं काय बे? तिघाईले एकच मेल पाठवाचा असला तं?

मिहानकर:
अक्षरात लिही. ‘१.२५ मिलियन’ म्हणशील तर जर्मन पुन्हा टिंबापाशी अडखळेल. आम्ही कोटेशनमध्ये रक्कम अक्षरी लिहितो आणि आकडा त्या त्या देशाच्या पद्धतीने टाकतो. प्रत्येक क्लायंटची फाइल वेगळी. कटकट आहे, पण फोन यायचे थांबले.

प्रूफवालेकाका:
पोट्टा, तुझ्या त्या दोन ओळींत एकही स्वल्पविराम नाही आणि त्या अगदी नीट वाचता येताहेत. वर ताईंनी दिलेल्या नियमांवर घासून पाहिल्या, कुठेच अडत नाहीत.

पोट्टा_लक्ष्मीनगरचा:
दम लागला नव्हता ना काका.